गेरचा गुलाल आणि शेंडेनक्षत्राची धूळ

रंगपंचमीच्या दुपारी राजवाड्याच्या चौकात काही मिनिटं सूर्य गुलाबी होतो आणि मग दिसेनासाच होतो. इंदूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, ट्रकांवर बसवलेल्या यंत्रांतून गुलाल तीन-चार मजले वर उडतो, टँकरमधून रंगाच्या पाण्याचे फवारे सुटतात आणि खाली हजारो माणसं एकाच रंगाची होतात. माझी आत्या गोराकुंडाजवळ दुसऱ्या मजल्यावर राहते. आदल्या रात्रीच ती खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबते, दाराखाली ओलं पोतं सारते. तरी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या बंद कपाटात, स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर, गुलाबी साय धरलेली असतेच. आत्या त्यावरून बोट फिरवते आणि दरवर्षी तेच म्हणते, "जाडाभरडा सगळा खाली रस्त्यावर पडतो रे. हा बारीकच वाईट. कुठं शिरेल सांगता येत नाही."

धूमकेतूंवर काम करणारी मंडळी इतक्या वर्षांत ज्या निष्कर्षापाशी आली आहेत, तो बराचसा हाच आहे. फक्त त्यांना डब्याच्या झाकणाऐवजी अवकाशयान वापरावं लागलं.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. शहराच्या उजेडात काही खरं नव्हतं, म्हणून आम्ही महूच्या पुढे जानापावच्या टेकडीवर गेलो. आत्याने हट्टाने गाडीत जागा पटकावली. लहानपणी तिच्या आजीने तिला शेंडेनक्षत्राच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तो शब्द तिने अजून सोडलेला नाही. माझ्या दुर्बिणीतून ती बराच वेळ बघत राहिली. डोक्यावर पदर, एक डोळा मिटलेला. मग म्हणाली, "ही नुसती धूळ आहे होय?"

"धूळ, वायू आणि प्लाझ्मा."

"तिसरं काय म्हणालास?"

मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे असा प्रश्न आला की तोंड आपोआप सुरू होतं. पण त्या दिवशी पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की प्लाझ्मा समजावणं सोपं आहे. धूळ त्या प्लाझ्माचं काय करते, हे समजावताना मात्र माझीच गाडी अडते. घरी येऊन वाचत बसलो. हा लेख म्हणजे आत्याला हप्त्याहप्त्याने दिलेलं उत्तर आहे.

धूमकेतूचं मूळ शरीर, म्हणजे केंद्रक, फार मोठं नसतं. हॅलेचं साधारण १५ किलोमीटर लांब. ज्याच्याभोवती रोझेटा यान दोन वर्षं फिरलं त्या ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंकोचं जेमतेम ४ किलोमीटर. बर्फ आणि धुळीचा गोळा. फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये ही कल्पना मांडली. बर्फ म्हटल्यावर पांढरंशुभ्र डोळ्यांपुढे येतं, पण केंद्रक डांबरासारखं काळं असतं. हॅलेवर पडलेल्या उजेडातला फक्त ४ टक्क्यांच्या आसपास उजेड परत फिरतो. सूर्याजवळ आलं की बर्फाची थेट वाफ होते, ती वाफ सुटताना धुळीला सोबत घेते, आणि इवल्याशा केंद्रकाभोवती हजारो किलोमीटरचं धुकं तयार होतं.

आता त्या वाफेवर सूर्याचे अतिनील किरण पडतात. पाण्याच्या रेणूतून एखादा इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. मागे राहतो तो आयन, धन भाराचा. असे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन पुरेसे झाले की त्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही तेच असतं. धूमकेतूभोवतीचा प्लाझ्मा ट्यूबलाइटच्या मानाने फारच विरळ. ६७पी सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना रोझेटाला एका घन सेंटिमीटरमध्ये शेकडो ते हजारभर इलेक्ट्रॉन सापडत होते. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत रेणू किती, हे लिहायला एकावर एकोणीस शून्यं लागतात. पण प्लाझ्माचा दबदबा संख्येवर अवलंबून नसतो. भार असल्यामुळे तो चुंबकीय क्षेत्राचं ऐकतो आणि स्वतःही त्याला वाकवतो.

धूमकेतूला दोन शेपट्या का, याचं उत्तरही इथेच आहे. धुळीची शेपटी पिवळसर, रुंद, वाकलेली. तिला सूर्यप्रकाशाचा दाब ढकलतो. प्लाझ्माची निळसर, अरुंद आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला जवळजवळ सरळ. ती इतकी सरळ कशी, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना लुडविग बियरमान यांनी १९५१ मध्ये अंदाज बांधला की सूर्यातून भारित कणांचा अखंड झोत वाहत असला पाहिजे. त्याला आज आपण सौरवारा म्हणतो. वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. म्हणजे सौरवाऱ्याचा पहिला वातकुक्कुट धूमकेतूच होता. १९५७ मध्ये हान्नेस आल्फवेन यांनी पुढचं सांगितलं: सौरवाऱ्यातल्या चुंबकीय रेषा धूमकेतूच्या प्लाझ्मात अडकतात आणि त्याच्याभोवती पदरासारख्या गुंडाळून मागे लोंबतात.

बहुतेक लेख इथे थांबतात. धुळीची शेपटी एका बाजूला, प्लाझ्माची दुसऱ्या बाजूला, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. मीही इतकी वर्षं वर्गात तसंच शिकवलं. पण केंद्रकाजवळ दोघी एकाच घरात राहतात, आणि एका घरात राहून संबंध येत नाही असं होत नाही.

आत्याला सांगितलेली गोष्ट तशीच लिहितो. एक जत्रेचं मोठं मैदान समज, मी म्हटलं. बाप आपापल्या पोराचा हात धरून आलेले आहेत. अचानक हात सुटतात. पोरं सैरावैरा पळत सुटतात, बाप त्यांना शोधत सावकाश फिरत राहतात. पोरं म्हणजे इलेक्ट्रॉन, बाप म्हणजे आयन. आता मैदानात मधोमध एक कुल्फीची हातगाडी आणून उभी कर. गाडीशी आधी कोण पोचेल?

"पोरंच," आत्या म्हणाली. "बापाला कशाला हवी कुल्फी?"

बापाला कुल्फी हवी की नको हा मुद्दा नाही, पण उत्तर बरोबर. पाण्याचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३३,००० पट जड. दोघांचं तापमान सारखं धरलं तरी इलेक्ट्रॉन जवळजवळ १८० पट वेगाने पळतो. म्हणून धुळीच्या कणावर आयनापेक्षा इलेक्ट्रॉन कितीतरी जास्त वेळा येऊन आदळतात आणि चिकटतात. कण ऋण भाराचा होतो. गाडीभोवती पोरांचा घोळका जमतो.

पण घोळका अमर्याद वाढत नाही. गर्दी बघून नवी पोरं परत फिरतात, कारण ऋण भार ऋण भाराला ढकलतो. फक्त सगळ्यात वेगवान, सगळ्यात दांडगी पोरं आत घुसतात. उलट पोरांचा गलका ऐकून बाप मात्र गाडीकडे ओढले जातात. एकेक बाप येतो, एका पोराचा हात धरतो आणि निघून जातो. आयन आणि इलेक्ट्रॉन भेटले, पुन्हा साधा रेणू झाला. काही वेळाने जितकी पोरं येतात तितकीच बापांबरोबर जातात, आणि घोळक्याचा आकार ठरून जातो. धुळीच्या कणावरचा भार नेमका असाच ठरतो.

या गोष्टीत एक भिडू राहिला. ऊन. अतिनील किरण धुळीच्या कणावर पडले की ते कणातून इलेक्ट्रॉन बाहेर उडवतात. गाडीवाला वैतागून पोरं हाकलायला लागतो म्हण हवं तर. मोकळ्या सौरवाऱ्यात, जिथे इलेक्ट्रॉन मुळातच विरळ, तिथे गाडीवाल्याचीच सरशी होते आणि कण पाचेक व्होल्ट धन भाराचा होतो. केंद्रकाजवळच्या दाट प्लाझ्मात पोरांची सरशी होते आणि कण ऋण होतो. म्हणजे धुळीचा एकच कण केंद्रकापासून दूर जाता जाता ऋणाचा धन होऊ शकतो. मला ही सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आत्याला तेवढी वाटली नाही.

हे सगळं कागदावरचं म्हणून सोडून द्यावं असं वाटत असेल तर रोझेटाची हकिकत ऐका. मार्च २००४ मध्ये निघालेलं हे यान ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पीजवळ पोचलं आणि सप्टेंबर २०१६ अखेरपर्यंत त्याच्या सोबतीने राहिलं. प्लाझ्माच्या दृष्टीने यान म्हणजे तरी काय? धुळीचा एक अवाढव्य कण. त्यावरही इलेक्ट्रॉन आदळत होते, आणि यानच ऋण भाराचं होऊन बसलं. बऱ्याचदा उणे १० व्होल्टच्याही खाली. मोजणाऱ्याला याचा त्रास असा की ऋण यान आसपासचे इलेक्ट्रॉन दूर ढकलतं आणि आयनांना ओढतं, म्हणजे मोजायला जावं तर मोजायची गोष्टच हलते. पण त्यातूनच कळलं की इथले इलेक्ट्रॉन चांगलेच तापलेले आहेत. थंड असते तर यान एवढं ऋण झालंच नसतं.

आता हिशेब. आत्याला हिशेबाचा कंटाळा, पण हा मी तिच्या पाठीमागे लागून सांगितला, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

एका मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, त्रिज्येच्या कणावर दर व्होल्टला सुमारे ७०० इलेक्ट्रॉन बसतात. उणे ५ व्होल्ट धरले तर ३,५००. ऐकायला बरेच वाटतात. समजा एका घनमीटरमध्ये असे २०० कण आहेत. एकूण ७ लाख इलेक्ट्रॉन धुळीवर अडकले. पण एका घनमीटरमध्ये दहा लाख घन सेंटिमीटर असतात, म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे एकसुद्धा पुरता इलेक्ट्रॉन धुळीच्या वाट्याला आला नाही, ०.७ आला. तिथे मोकळे आहेत हजारभर. धुळीने मारलेला डल्ला नगण्य.

आता धुळीचं वजन तेवढंच ठेवून ती बारीक दळू. त्रिज्या शंभरपट कमी, म्हणजे १० नॅनोमीटर. एका कणाचे दहा लाख कण होतात. प्रत्येकावर भार शंभरपट कमी, म्हणजे ३,५०० ऐवजी ३५. दहा लाखांना ३५ ने गुणा: साडेतीन कोटी. तेवढ्याच वजनाच्या धुळीची इलेक्ट्रॉन अडवण्याची क्षमता दहा हजार पट झाली! मघाचे ०.७ आता घन सेंटिमीटरमागे ७,००० झाले, आणि मैदानात पोरं आहेत हजार. गाड्यांवर जागा सात हजारांची.

गव्हाचा दाणा आणि मैदा यांत जो फरक तोच इथे. वजन सारखं, पण पसरलं की मैदा ओटाभर होतो. आत्याने लगेच स्वतःचं वाक्य ओळखलं. "मी काय म्हणत होते? बारीकच वाईट."

अर्थात सात हजार जागा असल्या म्हणून सात हजार पोरं येणार कुठून? अशा वेळी उलटंच घडतं. मैदान ओस पडतं आणि प्रत्येक गाडीवर नेहमीपेक्षा कमी पोरं दिसतात. कणांची गर्दी झाली की एकेका कणावरचा भार घटतो. नॉर्वेच्या ओव्ह हावनेस यांनी १९८० च्या दशकात हा हिशेब मांडला, आणि धुळीवर अडकलेला भार मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या मानाने किती, हे सांगणाऱ्या आकड्याला आजही त्यांचंच नाव आहे. तो आकडा एकाहून फार लहान असेल तर तो नुसताच "प्लाझ्मात पडलेली धूळ" म्हणायचा. एकाच्या आसपास किंवा वर गेला की "धूळयुक्त प्लाझ्मा". दुसऱ्या प्रकारात धूळ पाहुणी राहत नाही, घरची होते.

मग धूमकेतू कुठल्या बाजूला? लोकप्रिय लेखांना इथे घाई असते. धूळ सगळा खेळ पालटते, असं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ६७पीच्या धुळीचं बहुतेक वजन मोठ्या कणांत होतं, मिलिमीटरच्या आणि त्याहून मोठ्या. वरचा हिशेब लावला तर अशा धुळीने इलेक्ट्रॉनांची मोजणी बिघडायचं कारणच नाही. रोझेटा ज्या अंतरावर बहुतेक काळ होतं तिथे आयन आणि वायू यांचा मेळ धूळ मध्ये न आणताही बऱ्यापैकी जमतो. पण शंभरातला एक भाग जरी नॅनोकणांचा असला तरी आपल्या मघाच्या उदाहरणात हजारातले ७० इलेक्ट्रॉन गेले. दहा भाग असले तर ७००. सगळा प्रश्न धुळीतल्या त्या सगळ्यात बारीक वाट्याचा आहे.

आणि ते नॅनोकण आहेत. रोझेटावरच्या इलेक्ट्रॉन-आयन मोजणाऱ्या यंत्राला ऋण भाराचे नॅनोकण थेट सापडले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आणखी एक आडून आलेला पुरावा मला जास्त आवडतो. यानावरच्या छोट्या गोलकातून ऊन किती इलेक्ट्रॉन उडवतं यावरून अतिनील किरणांचा जोर कळतो. ६७पी सूर्याजवळ असताना तो जोर अपेक्षेपेक्षा कमी भरला. यंत्र बिघडलं असेल, दुसरं काही असेल; पण एक खुलासा असा मांडला गेला की केंद्रकापासून खूप दूर पसरलेल्या अतिबारीक धुळीच्या धुक्याने ऊन थोडं अडवलं. तसं असेल तर धूळ प्लाझ्माला दोन्हीकडून छाटते: जन्मणारे इलेक्ट्रॉन कमी करते आणि जन्मलेले पळवते. राजवाड्यावरचा गुलाबी सूर्य आठवा.

मग सरळ केंद्रकाजवळ जाऊन का नाही मोजलं? गेले होते. २८ मार्च २०१५ ला रोझेटा केंद्रकापासून सुमारे १४ किलोमीटरवरून गेलं. यानाला आपली दिशा ताऱ्यांवरून कळते, त्यासाठी छोटे कॅमेरे असतात. भोवती उडणारे धुळीचे कण उन्हात चमकत होते आणि कॅमेऱ्यांना ते तारेच वाटले. यान गोंधळलं, स्वतःला सुरक्षित अवस्थेत टाकून बसलं. त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये धूमकेतू ऐन भरात असताना यानाला शे-दोनशे किलोमीटर किंवा त्याहून दूर ठेवावं लागलं. जिथे धुळीचा प्लाझ्मावर सर्वाधिक परिणाम व्हावा त्या जागेपासून धुळीनेच यानाला लांब ठेवलं. त्याआधी १९८६ च्या मार्चमध्ये जिओट्टो नावाचं यान हॅलेच्या ६०० किलोमीटर जवळून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने गेलं, तेव्हा सगळ्यात जवळ यायला काही सेकंद उरले असताना एका कणाने त्याला असा धक्का दिला की यान डुलायला लागलं आणि पृथ्वीशी संपर्क तुटक झाला. कॅमेरा पुढे कामाचा राहिला नाही.

भार आला की कणाचं वागणं बदलतं, ते थोडक्यात सांगतो. भार त्रिज्येच्या प्रमाणात असतो, वजन त्रिज्येच्या घनाच्या. म्हणजे शंभरपट लहान कणाला दर ग्रॅममागे दहा हजार पट भार. मोठा कण गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाच्या दाबाचं ऐकतो. नॅनोकण विजेचं आणि चुंबकीय क्षेत्राचंही ऐकतो, जवळजवळ एखाद्या फार लठ्ठ आयनासारखा. त्यामुळे धुळीची शेपटी आणि प्लाझ्माची शेपटी यांच्यामधली रेघ या टोकाला पुसट होते.

मोठे कणही अगदी सुरक्षित नसतात. ६७पीच्या धुळीत दोन जाती होत्या. एक घट्ट, खड्यासारखी. दुसरी इतकी पोकळ की तिची घनता घनमीटरला एक किलोहूनही कमी, म्हणजे आपल्या खोलीतल्या हवेपेक्षा हलकी. म्हातारीचे केस म्हणून जत्रेत मिळणारी साखरेची मिठाई तिच्यापुढे दगड म्हणावी लागेल. असा पुंजका ऋण भाराच्या यानाजवळ आला की स्वतः भारला जाऊन फुटायचा, आणि यानावरच्या धूळ मोजणाऱ्या यंत्राला काही वेळात एका कणाऐवजी कणांची सरच लागायची. सुरुवातीला या सरी म्हणजे काय ते कळेना. एकाच अंगावर सगळीकडे सारखाच भार आला की अंगाचे भाग एकमेकांना ढकलतात. बांधणी कच्ची असेल तर पुंजका टिकत नाही. आणि मोठा कण फुटला की बारीक कण वाढले. म्हणजे इलेक्ट्रॉन पळवणाऱ्यांची भरती झाली.

धूळ नुसती चोरच आहे असंही नाही. काही कणांत बर्फ असतो, तो केंद्रकापासून दूर आल्यावर वितळतो, चुकलो, थेट वाफ होतो. ४ नोव्हेंबर २०१० ला डीप इम्पॅक्ट नावाचं यान आपल्या नव्या मोहिमेवर हार्टली-२ धूमकेतूजवळून गेलं तेव्हा केंद्रकाभोवती बर्फाळ कणांचा थवा दिसला. या धूमकेतूतून निघणारं पाणी त्याच्या चिमुकल्या पृष्ठभागाच्या मानाने जास्त का, याचा खुलासा त्या कणांत होता. ती वाफ पुढे आयन होते. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं.

धुळीने गच्च भरलेला प्लाझ्मा कसा दिसतो हे बघायचं तर धूमकेतूपेक्षा शनीच्या एन्सेलेडस या चंद्राकडे जावं. त्याच्या दक्षिण ध्रुवाच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाची भुकटी उसळते. कॅसिनी यान त्या फवाऱ्यातून गेलं तेव्हा आयन भरपूर, आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्या मानाने अगदी थोडे. उरलेला ऋण भार कुठे गेला? बर्फाच्या कणांवर. मैदान ओस आणि सगळी पोरं गाड्यांवर, असं हे खरंखुरं मैदान.

एक गोष्ट आपल्या देशाजवळची आहे म्हणून सांगतो. भारलेली धूळ प्लाझ्मात स्वतःच्या लाटा उठवू शकते, असं १९९० मध्ये एन. एन. राव, पी. के. शुक्ल आणि एम. वाय. यू यांनी गणिताने दाखवलं. आवाजाच्या लाटेसारखी लाट, फक्त तिच्यात जडपणा धुळीचा. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ती प्रयोगशाळेत दिसली, आणि दिसली म्हणजे साध्या कॅमेऱ्याने टिपता आली, कारण ती सेकंदाला काही सेंटिमीटर इतकी सावकाश सरकते. इलेक्ट्रॉनांच्या दुनियेत हे म्हणजे गोगलगाय. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही धूळयुक्त प्लाझ्मावर बरीच वर्षं काम चालू आहे.

पुढची आशा कॉमेट इंटरसेप्टर नावाच्या मोहिमेवर आहे, युरोप आणि जपानची. २०२९ च्या सुमारास ती सुटायची आहे. तीन यानं असतील, एक लांबून जाईल, दोन जवळून, म्हणजे एकाच वेळी तीन ठिकाणी मोजमाप होईल. तिच्यावरच्या एका उपकरणसंचाचं नावच "धूळ, क्षेत्र आणि प्लाझ्मा" असं आहे. धूळ मोजणारा एक विभाग आणि प्लाझ्मा मोजणारा दुसरा, अशी वेगळी चूल मांडलेली नाही, हे मला बरं वाटलं.

इंदूरकराने धुळीचं एवढं गुणगान करावं हे तसं शोभत नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणारं शहर आमचं. गेर पुढे सरकते न सरकते तोच मागून झाडणारी यंत्रं येतात. यंदाही रंगपंचमीच्या संध्याकाळी आत्याकडे डबे पुसायला बसलो होतो. ओलं फडकं, मग कोरडं, मग पुन्हा ओलं. गुलाबी रंग झाकणाच्या कडेच्या खाचेत जाऊन बसतो, तिथून काडीने काढावा लागतो. आत्या मध्येच थांबली.

"ती तुझी पोरं. कुल्फीच्या गाडीपाशी ज्यांना बाप भेटले ते गेले घरी. ज्यांना भेटलेच नाहीत त्यांचं काय?"

बहुतेकांना भेटतच नाहीत, मी म्हटलं. केंद्रकाच्या अगदी जवळ सोडलं तर मैदान इतकं मोठं आहे की चुकामूक हाच नियम. बाहेर सौरवारा लागतो, त्यातल्या चुंबकीय रेषा पोरं आणि बाप दोघांनाही उचलतात आणि सूर्यापासून दूर, सरळ रेषेत, लाखो किलोमीटर घेऊन जातात.

"म्हणजे ती निळी शेपटी."

"हो."

"मला जानापाववर दिसली नाही ती."

दिसली नसणार; ती फार फिकी असते, आणि संधिप्रकाशात तर हातातल्या दुर्बिणीला पेलत नाही. तिने पाहिली ती धुळीची. आत्याने पुढचा डबा माझ्याकडे सरकवला, पोह्यांचा.